समोरच्या बुवाला

कट्टा, १८ ऑगस्ट २०२५

सर्वेश भावजी,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे फाडणार असाल, तर आधी वाचा आणि मग फाडा. तुम्ही आमच्या घरातले सगळे नंबर बंद करून ठेवलेत, रियाचासुद्धा. सख्ख्या पुतणीने तुमचं काय घोडं मारलं होतं ते देवाला ठाऊक. म्हणून पोस्टाने लिहिते आहे. जामसंड्याचा पोस्टमन तरी अजून तुमच्याशी बोलत असेल.

तुमचे दादा घरी आले. आषाढात त्यांचं अपेंडिक्स पोटातल्या पोटात फुटलं आणि कुडाळात ऑपरेशन झालं, हे तुमच्या कानावर गेलं असणारच. बाळा झांजवाला तुमच्या भजनी मंडळातही वाजवतो आणि आमच्याही, आणि त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. ऑपरेशन झालं, पण विष अंगभर पसरलेलं, त्यामुळे भूल देताना घशात घातलेली नळी डॉक्टरांनी तशीच ठेवली आणि त्यांना मशीनवर ठेवलं. पुष्कळ दिवस ठेवलं. मी काचेतून बघत असे. छाती वरखाली व्हायची, पण ती मशीनच्या लयीत. अर्धं आयुष्य त्यांच्या शेजारी बसून पखवाज वाजवणारा भाऊ तेव्हा आला नाही. मी वाट बघितली, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

आता बरं आहे. पेज घेतात, अंगणात फिरतात, बालवाडीतून मला यायला उशीर झाला की कुरकुरतात. आवाज तेवढा बसलाय. मी काही बोलले की म्हणतात, "बुवाचो घसो बसाक काय नवीन आसा गो?" तेही खरंच. आपल्या घरात दर हंगामात घसा बसतो, ज्येष्ठमध चघळायचा, चार दिवस मौन पाळायचं, की झालं. आताही तेच चाललंय.

लिहायचं कारण वेगळं आहे. नवरात्रात देवळात डबलबारी ठेवलीय, आणि गावाने मुद्दाम तुम्हा दोघांची नावं घातलीयत. दोन मंडळं समोरासमोर बसवायची, आळीपाळीने भजनं म्हणायला लावायची आणि मधूनमधून एकमेकांची टर उडवायला लावायची, एवढ्याने लोकांचं भागत नाही. आता त्यांना भाऊ विरुद्ध भाऊ बघायचंय. तीन वर्षांपूर्वी दादांनी भर बारीत तुमच्या हातातून माईक काढून घेतला आणि तुम्ही वेगळं मंडळ काढलंत, त्या बारीचा व्हिडिओ लोक अजून बघतात. दादांनी या बारीची सुपारी मला न विचारता घेतली. तुम्ही नाही म्हणा. अशक्तपणा आहे, दुसरं काही नाही. उगाच दगदग नको, एवढंच.

चवथीला घरी या. गणपती दोघांचा आहे.

तुमची वहिनी,
किशोरी


कट्टा, ८ सप्टेंबर

भावजी,

चवथीला आला नाहीत. पाट मांडून ठेवला होता, त्यावर शेवटी मांजर बसलं.

लोक विचारत होते, सर्वेश कुठे, आणि दादा सांगत होते, "त्येका खंय येळ? मोठो बुवा झालोहा तो." रागाने नव्हे हं. तुमचे व्हिडिओ ते बघतात. मी स्वयंपाकघरात असले की बघतात आणि मी आले की बंद करतात, जसं काही मला पेटीचा आवाज ओळखू येत नाही.

आरतीच्या वेळी ते मध्येच थांबले. धुराने ठसका लागला म्हणाले. मग दोन दिवसांनी विहिरीवरून कळशी घेऊन पायऱ्या चढून आले आणि पडवीत खांबाला धरून उभे राहिले. मी आत भाकऱ्या थापत होते, तिथवर त्यांचा श्वास ऐकू आला. किलकिल्या खिडकीतून वारा शिरताना वाजतो ना, तसा. मी बाहेर आले तर हाताने खूण केली, काही नाही. कट्ट्यावरच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी दमा म्हणून तोंडात ओढायचा पंप दिला. आपल्या सात पिढ्यांत कुणाला दमा नाही. दादांनी डॉक्टरांना पोटाचं ऑपरेशन सांगितलं, नळीचं सांगितलंच नाही. मी बोलायला गेले तर पायाने माझा पाय दाबला. बाहेर येऊन म्हणतात, "पोटाच्या दुखण्याचो आणि घशाचो काय संबंध?"

पंपाने बरं वाटतं म्हणतात. मला काही फरक ऐकू येत नाही.

आता तुम्हाला एक विचारायचं आहे, तुम्ही त्यांच्या शेजारी बसलेला माणूस म्हणून. हल्ली तालमीला ते ओळ उचलतात, अर्ध्यावर आणतात आणि हात वर करतात, की कोरस ती ओळ पुढे नेतो. पोरांना तसं पढवलंय. "मी हात वर केलंय काय तुमी सोडूचा नाय, आवाज चढवायचो," असं सांगितलंय. पोरं खूश आहेत, बुवांनी नवीन ढंग काढला म्हणून. बाळा तर म्हणाला, काय झकास वाटतं. लांब सूर सगळे कोरसला. पूर्वी ते असं कधी करत होते का? मला तर आठवत नाही.

बहुतेक मीच वेड्यासारखी विचार करते आहे. तुम्ही बारीला नाही म्हटलंत की नाही, ते कळवा.

किशोरी वहिनी


कट्टा, २१ सप्टेंबर

भावजी,

तुमचा निरोप मिळाला. बाळाने तुमच्याच सुरात म्हणून दाखवला. "दादाक विचार, भियालो काय? भियालो आसात तर सुपारी परत करांदे." शाबास. थोरल्या भावाला द्यायचा निरोप हाच. मी वहिनी नसते तर जामसंड्याला येऊन तुमच्या कानाखाली आवाज काढला असता.

निरोप दादांच्या समोर दिला गेला, म्हणजे आता ते मरतील पण मागे हटणार नाहीत. म्हणून मी आता जे लिहिते ते लिहू नये अशी मला शपथ घातलेली आहे. बारीच्या आधी समोरच्या बुवाला आपल्या गळ्याची खबर द्यायची नसते, हे लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून ऐकते आहे. हे तुमच्या घरात कुणापाशीसुद्धा बोलू नका.

त्यांना श्वास मिळत नाही. हे खरं आहे. बसलेला घसा सुटला, उलट थोडा बरा झाला, पण श्वासाचा आवाज दर आठवड्याला वाढतोय. आता नुसतं उठून बसले तरी वाजतो. आडवं होता येत नाही, भिंतीला उशी लावून बसल्या बसल्या डोळे मिटतात. जेवताना घास आणि श्वास यांत एक काहीतरी निवडावं लागतं, म्हणून जेवण कमी केलंय. गळ्याच्या बुडाशी असलेला खळगा श्वास घेताना आत ओढला जातो. मी तो बघते हे त्यांना दिसलं की ते सदऱ्याचं वरचं बटण लावतात.

आणि हेही सांगते, जे मी पहिल्या पत्रात मुद्दाम लिहिलं नव्हतं. इस्पितळातून निघताना डॉक्टरांनी आम्हाला बसवून सांगितलं होतं. नळी बरेच दिवस राहिली की कधी कधी श्वासनलिकेला आतून जखम होते, ती भरताना आवळते आणि वाट अरुंद होते. श्वासाला आवाज आला तर एक दिवस थांबू नका. दादा मान हलवत ऐकत होते. घरी आल्यावर त्या गोष्टीचा उच्चार नाही. मी काढला की, "होय गो, जावया डॉक्टराकडे. बारी होवंदे." रिया कुडाळच्या कॉलेजातून येते आणि रडते, तिलाही तेच. डॉक्टर पुन्हा नळी घालतील आणि मग गाणं संपेल, हे त्यांच्या डोक्यात बसलंय. गाणं संपेल एवढीच भीती, दुसरी कसली नाही.

मी भांडले, उपास केला, दोन दिवस बोलले नाही. तुम्ही ओळखता त्यांना.

म्हणून आता समोरच्या बुवाला मागते आहे. बारीच्या आधी या, त्यांना गाडीत घाला आणि न्या. तुमचं ऐकतील, कारण तुमच्यासमोरच त्यांना हरायचं नाहीये. आणि ते जमलं नाही, तर निदान बारीत त्यांना वरच्या पट्टीत ओढू नका. नामाचा गजर लवकर आटपा. टोमणे मारा, पण उलट मोठा सूर लावावा लागेल असं काही काढू नका. मी हे तुमच्या हातात देते आहे. याचा उपयोग तुम्ही कसा कराल, मला माहीत नाही. भीती वाटते, पण दुसरं कुणी नाही.

किशोरी


गोवा, १ ऑक्टोबर

सर्वेश,

आज भावजी लिहीत नाही.

तुम्ही त्यांच्या श्वासाची नक्कल केलीत. माझं पत्र तुम्हाला पोचलं होतं, हे मला तुमच्या पहिल्याच नजरेवरून कळलं, तुम्ही बायकांच्या रांगेत मला शोधलंत. संध्याकाळची बारी, देवळासमोर माणूस मावत नव्हता. मला वाटलं, आता तुम्ही सांभाळून घ्याल. तुमची दोन भजनं तशीच झाली, सौम्य. मग दादांनी तुम्हाला टोमणा मारला, पखवाज सोडलेला बुवा म्हणजे वल्हं सोडलेला होडीवाला, की असंच काही. लोक हसले. आणि तुम्हाला ते सहन झालं नाही. तुम्ही माईक तोंडाजवळ घेतलात आणि दादांच्या दोन ओळींमध्ये ऐकलेला तो आवाज काढलात. म्हणालात, "आमच्या दादांच्या पेटीचो भातो फाटलोहा, आयकतास मा?" लोक लोळले. परत काढलात. रिया माझा हात एवढा दाबत होती की बांगडी वाकली.

तिसऱ्यांदा काढायला गेलात आणि थांबलात. तोंड तसंच उघडं. मी बघत होते. तेव्हा मला वाटलं, लाज वाटली असेल. आता कळतं, तसं नव्हतं.

दादांनी उत्तर म्हणून गजर उचलला, वरच्या पट्टीत. मी विनवून नको म्हटलेली तीच गोष्ट. एक ओळ झाली. दुसऱ्या ओळीच्या मध्यावर त्यांचा हात वर गेला.

कोरसने ओळ घेतली. पोरांना तसंच शिकवलं होतं ना. हात वर, म्हणजे सोडायचं नाही, आवाज चढवायचा. पोरांनी चढवला. पखवाज चढला, बाळा उभा राहून झांज वाजवायला लागला, लोक टाळ्यांनी ताल द्यायला लागले. दादांचा हात खाली येईना. दुसरा हातही पेटीवरून सुटला आणि गळ्याकडे गेला. पोरांनी त्याचाही अर्थ आणखी चढवा असा घेतला. माझा नवरा सगळ्या गावासमोर गुदमरत होता आणि गाव ठेका धरून होतं. मी ओरडले, पण माझा आवाज माझ्यापर्यंतही आला नाही.

तुम्ही उठलात. मधली जागा ओलांडून धावलात, आणि तीन वर्षांचं भांडण गावाला माहीत असल्याने लोकांना वाटलं तुम्ही मारायलाच निघालात. शिट्ट्या झाल्या. दोघांनी तुम्हाला कमरेला धरून मागे ओढलं. सदरा फाटला. तेव्हा तुम्ही जे ओरडलात ते ऐकू आलं. "सोडा माका, दादा गुदमरता! कोरसाक खूण न्हय ती, गुदमरता!"

बाळाने झांज खाली टाकली, तेव्हा कुठे बाकीचे थांबले. आणि मग त्या शांततेत माईकवरून सगळ्यांना तो आवाज ऐकू आला, खरा.

गाडीत तुम्ही त्यांना पाठीमागून धरून बसला होता. कुडाळच्या इस्पितळात आणलं तर ओठ काळसर पडलेले. तिथल्या तरण्या डॉक्टरने दम्याचा पंप बघितला आणि वाफेचा मास्क लावायला घेतला. मी बधिर झाले होते, मला काही सांगता येईना. तुम्ही डॉक्टरांचा हात धरलात. "डॉक्टर, हा दमा नाही. आवाज श्वास सोडताना येत नाही, आत घेताना येतो. असा." आणि तिथे, दिव्याखाली, तुम्ही परत ती नक्कल करून दाखवलीत. स्टेजवर दोनदा केलीत तीच. कुणी हसलं नाही. डॉक्टरांनी मास्क बाजूला ठेवला आणि विचारलं, "यांच्या घशात मध्यंतरी नळी होती का?" मी होय म्हटलं. मग सगळे पळायला लागले. वरून नळी जाईना म्हणून गळ्याला पुढून छेद देऊन खाली नळी बसवली. त्यांनी पहिला श्वास घेतला तो मी दाराबाहेर ऐकला. मोकळा होता.

पहाटे आम्हाला गोव्याच्या मोठ्या इस्पितळात पाठवलं. तुम्ही कुठे होता? बाकावर फाटका सदरा ठेवून निघून गेलात. भाऊ जगला की नाही हे न विचारता.

तुम्ही ती नक्कल केलीत याबद्दल मी तुम्हाला माफ केलेलं नाही. ती केली नसतीत तर तो आवाज आत घेतानाचा आहे हे तुमच्या स्वतःच्या गळ्याला कळलं नसतं, हेही मला समजतं. दोन्ही गोष्टी डोक्यात एकदम असतात आणि मी इथल्या कँटीनच्या चहावर दिवस काढते. दादा जिवंत आहेत. बोलता येत नाही, गळ्यातल्या नळीने श्वास घेतात. रियाने आणून दिलेल्या पाटीवर त्यांनी काल लिहिलं, "सर्वेश खंय?" मी काय उत्तर देऊ ते तुम्हीच कळवा.

किशोरी


गोवा, ४ नोव्हेंबर

भावजी,

तुमचं पत्र नाही, पण दिवाळीत रियाच्या फोनवर तुमचा फोन आला आणि तुम्ही काही न बोलता ठेवलात, हे तिने मला सांगितलं. तेवढ्यावर मी परत भावजी लिहिते आहे.

ऑपरेशन झालं. श्वासनलिकेचा आवळलेला भाग कापून काढला आणि वरचं-खालचं टोक एकमेकांना शिवलं. डॉक्टरांनी कागदावर वाट किती उरली होती ते काढून दाखवलं. त्यातून काडेपेटीतली काडी जेमतेम गेली असती. एवढ्या वाटेने तो माणूस गजर म्हणायला बसला होता. नंतर मान वर उचलून शिवण ताणू नये म्हणून हनुवटी छातीला टाके घालून बांधून ठेवली होती. दिवसचे दिवस जमिनीकडे बघत बसले. ज्यांना कुणापुढे मान तुकवताना मी कधी पाहिलं नाही, ते.

मग टाके काढले, गळ्यातली नळी काढली, भोक बुजू लागलं. डॉक्टरांनी बोलायला बंदी केली. आणि मला वेगळं बोलावून सांगितलं, शिवलेल्या जागी कधी कधी आतून मांस वाढतं. लक्षात आलं आणि लगेच सांगितलं तर दुर्बिणीने साफ करता येतं, भूल देऊन, पुन्हा नळी घालून. नाही सांगितलं तर एखाद्या दिवशी वाट अचानक बंद होईल आणि कुडाळपर्यंतसुद्धा वेळ मिळणार नाही. कान उघडे ठेवा, म्हणाले. मला. माझे कान तर असे झालेत की कॉरिडॉरमधला पंखा कुरकुरला तरी मी उठून बसते.

उद्या घरी सोडणार होते. काल बाळा भेटायला आला, रात्री इथेच राहिला, आणि जत्रेच्या बारीचा विषय काढलाच त्याने, मेल्याने. दादा नुसते हसले. पण डोळ्यांत काय आलं ते मला दिसलं.

आज सकाळी ते खाटेवरून उठून खिडकीपाशी गेले, परत आले आणि बसले. मी डबा उघडत होते. तो आवाज आला. बारीक, आत घेताना. मी वर बघितलं तर ते माझ्याकडेच बघत होते. म्हणजे त्यांनाही ऐकू आला होता. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि हात जोडले. भावजी, माझ्यापुढे हात जोडले त्यांनी, उद्याचा एक दिवस फक्त, असं. घरी जाऊ दे.

मला वाटलं, कदाचित भास असेल. वाटलं, खरंच एक दिवस जाऊ दे, या माणसाने किती सोसलं. एवढा वेळ मी डब्याचं झाकण हातात धरून बसले होते. मग उठले आणि डॉक्टरांना जाऊन सांगितलं. त्यांनी येऊन छातीला स्टेथोस्कोप लावला, गळ्याला लावला, आणि घरी सोडायचा कागद परत घेऊन गेले. उद्या सकाळी पुन्हा आत नेणार आहेत. किती वाढलंय ते आत बघितल्यावर कळेल, म्हणाले. आणखी एकदा कापावं लागलं तर शिवायला जागा कमी आहे, हेही म्हणाले.

मी खाटेपाशी परत आले. बोलायची बंदी असताना त्यांनी माझ्याकडे बघून एकच शब्द म्हटला. गळा कापल्यापासूनचा पहिला शब्द. म्हणाले, "फितूर."

मला राग आला नाही. आवाज त्यांचाच होता भावजी, खरखरीत झालाय, पण त्यांचाच. आणि तो शब्द संपल्यावर त्यांनी श्वास आत घेतला, तो मी ऐकला.

हे पत्र बाळाजवळ देते आहे, तो सांजेपर्यंत जामसंड्याला पोचवेल. उद्या त्यांना आत नेतील तेव्हा मी त्यांच्या समोर उभी राहू शकत नाही, ते तोंड फिरवतील. तुम्ही या. त्यांच्या समोर तुम्ही उभे राहा.

किशोरी वहिनी